पाठपोट

सोसिबिओस गुरुजींचा झगा आधी तत्त्वज्ञाचा होता,
मग ख्रिस्ताचा झाला. झगा तोच.
बाप्तिस्म्याच्या पाण्यातून निथळत बाहेर आले
आणि खुंटीवरचा तोच विटका, एक खांदा उघडा टाकणारा
पुन्हा पांघरला.
मंडळीतले वडीलधारे कुजबुजले,
"मग आत काय भिजलं?"

मी तेव्हा चौदा वर्षांचा. बोरू तासायचो,
काजळी खलायचो डिंकात.
मारेओतिस तळ्याकाठी आमची खोली,
खाली खारवलेल्या मासळीचं दुकान.
आमच्या सगळ्या गुंडाळ्यांना,
विश्वाच्या आरंभालासुद्धा,
मासळीचा वास.

सकाळी वरच्या पेठेतली पोरं यायची भूमितीला,
केसांना तेल, मागे दिवटी धरणारा गुलाम.
संध्याकाळी गोदीतले हमाल,
जाळी विणणारी विधवा थौबास्तिस,
आणि दोघं, ज्यांची नावं आम्ही विचारली नाहीत.
मेणाची पाटी एकच, वर्तुळ तेच.
सकाळी म्हणायचे,
हातानं काढलेलं हे खोटं. खरं कुठे आहे, सांगा.
संध्याकाळी म्हणायचे,
जे खरं होतं ते खाली आलं,
हातानं काढून घेतलं स्वतःला,
वाकडं होऊन घेतलं.

एकदा म्हणाले, "लोगोस म्हणजे शब्द,
म्हणजे बुद्धी, म्हणजे वाण्याच्या वहीतला हिशेब,
तारे ज्याच्या धाकानं वाट सोडत नाहीत तो."
दिवा फडफडला. हमाल माना डोलवत होते,
निम्मे झोपेनं.
थौबास्तिसनं दातांत धरलेला दोरा काढला.
"शब्द म्हणता, तर दिला कुणाला?"
गुरुजी थांबले.
"दिल्याशिवाय तो शब्द कसला?
माझ्या माणसानं दिला होता,
पूर ओसरायच्या आत येतो म्हणून.
बुडाला तो. पण शब्द अजून आहे माझ्याकडे."

त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत.
पाटीवरचं मेण अंगठ्यानं सपाट करत बसले.

मग ते वर्ष आलं. घरोघर पुस्तकं हुडकत फिरणारे शिपाई.
पपायरस महाग, म्हणून मी येशूची गोष्ट उतरवली होती
भूमितीच्या जुन्या गुंडाळीच्या पाठीवर.
शिपायानं ती उलगडली नेमकी पोटाकडून:
त्रिकोण, वर्तुळं, अक्षरं लावलेले कोन.
"हे काय?"
"गणित."
खोटं बोललो नाही मी.
खरंही बोललो नाही.
त्यानं ती फेकली, जाताना खालून दोन मासे उचलले.

गुरुजींना मात्र नेलं.
झगा बघून अधिकारी मऊ झाला म्हणे.
तुम्ही शहाणे लोक, सगळं एकच म्हणून शिकवता,
मग चिमूटभर धूप टाकायला काय जातं?
थौबास्तिस दाराशी उभी होती, तिनं ऐकलं.
गुरुजी ग्रीक बोललेच नाहीत.
जन्मात कधी न वापरलेल्या मिसरी बोलीत,
तिच्या बोलीत, अडखळत, व्याकरण चुकवत म्हणाले,
"मी शब्द दिलाय."
अधिकाऱ्याला कळलं नाही. त्यानं दुभाषा मागवला.

आता माझेच डोळे अधू.
गुंडाळीची शाई पाझरलीय,
दिव्याशी धरली की त्रिकोणाच्या कोनात
कुणा कोळ्याचं पाऊल दिसतं, वर्तुळातून
"भिऊ नका"चं अर्धं अक्षर.
नवा डीकन पाएसिस, पोरगेला, हात स्वच्छ,
काल चाकू घेऊन आला.
म्हणाला, आजोबा, ही परक्यांची बाजू खरवडून टाकू.

खरवड बाबा.
पण कागद जुना आहे, आणि दमट हवा.
जरा जोर जास्त झाला
तर पोटातून पाठीत जाशील.